चुरीसाहेबांचे चौदा प्रश्न

आयुष्यात चांगली माणसं मला पुष्कळ भेटली. त्यांतल्या निम्म्यांची नावं आता आठवत नाहीत. चुरीसाहेब मात्र विसरता येत नाहीत, आणि ते चांगले होते असं त्यांच्या आईनंही कधी म्हटलं नाही. मी स्वतः विचारलं होतं. आगाशीच्या त्यांच्या वाडीत म्हातारी ओट्यावर बसून अबोलीचा वळेसर गुंफत होती. म्हटलं, "आजी, साहेब घरी कसे असतात हो?" तिनं दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "इथं कमी असतो, ते बरं."

आमचं ऑफिस वसई पूर्वेला, एका औद्योगिक वसाहतीत, पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात. खाली बाटल्यांची झाकणं बनायची, वर आम्ही चौघं जण कॉम्प्युटरवर लोखंडी जिन्यांची ड्रॉइंगं काढायचो. गोदामांचे जिने, कारखान्यांचे जिने, पाण्याच्या टाकीवर चढायचे जिने. ड्रॉइंग कामणच्या वर्कशॉपला गेलं की तिथं लोखंड कापलं जायचं. मालक बिपिनभाई काचेच्या केबिनमध्ये बसायचे. आणि आमच्यावर बसायचे ते चुरीसाहेब.

बुटका, गोरा, तुळतुळीत माणूस. पांढरा बुशशर्ट, खिशात लाल पेन्सिल. सकाळी वाडीतला सोनचाफा आणून स्वतःच्या मॉनिटरवर ठेवायचे, आणि कुणी त्याच्याकडे बघत दीर्घ श्वास घेतला की फूल उचलून ड्रॉवरमध्ये टाकायचे. बोलण्याची पद्धत उलटी होती. खूश असले की 'तू', आणि कापायला निघाले की 'आपण'. "सावंत, आपण जरा इकडे येता का?" असं ऐकू आलं की सावंत खुर्चीतून उठताना पँट आधी वर ओढून घ्यायचा. मला ते पहिल्या दिवसापासून 'नाटक्या' म्हणत. का ते मला माहीत नाही.

त्यांचं मोठेपणही सांगितलं पाहिजे. आमच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. तुम्ही स्वतः स्क्रिप्ट लिहून आपल्या कामाची नवी कमांड तयार करू शकता. कमांडचं नाव टाइप करायचं, एंटर दाबायचं, की कॉम्प्युटर ते काम करून टाकतो. चुरीसाहेब मूळचे शाई आणि टी-स्क्वेअरवाले. पन्नाशीच्या आसपास कुणाच्याही मदतीशिवाय हे स्क्रिप्ट लिहायला शिकले आणि त्यांनी 'जिना' नावाची कमांड बनवली. हातानं दीड दिवस लागणारा जिना त्या कमांडनं डोळ्याचं पातं लवेपर्यंत उभा राहायचा. पायऱ्या, कठडा, बोल्ट, सगळं. ती कमांड सुंदर होती. हे मी त्यांच्या शत्रूंसमोरही कबूल करतो, म्हणजे सगळ्यांसमोरच.

फक्त ती आधी प्रश्न विचारायची. चौदा. पडद्याच्या तळाशी एक बारीक ओळ असते, तिच्यात एकेक करून. आणि प्रश्न म्हणजे एकेक इंग्रजी अक्षर. 'एच?' म्हणजे उंची, 'डब्ल्यू?' म्हणजे रुंदी, इथवर अंदाज यायचा. पुढे 'जे?', 'क्यू?', 'आर?'. मागे जाता यायचं नाही. बाराव्या प्रश्नाला चुकलात की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय कमांड शिव्या घालायची. कोणत्या कॉम्प्युटरवर कोण बसतं हे साहेबांनी तिला शिकवून ठेवलं होतं. माझ्या पडद्यावर यायचं, "नाटक पुरे." सावंत चंदनसारला चौथ्या मजल्यावर राहायचा, लिफ्ट नव्हती. त्याच्या पडद्यावर, "रोज जिना चढता, तरी कळत नाही?" सगळ्यांत वाईट होता चौदावा प्रश्न. 'के?' त्याचं उत्तर कायम एक. एक सोडून काहीही टाकलं की शिवी. 'के' म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "प्रश्न मी विचारतो. तू उत्तर दे."

सावंतानं शेवटी चौदा उत्तरांची चिठ्ठी केली आणि कीबोर्डखाली सरकवली. रोज चिठ्ठी बघून भराभर आकडे मारायचा, वर बघायचाही नाही. साहेबांनी आठवडाभर हे पाहिलं. मग एका सकाळी लवकर येऊन त्यांनी कमांडमधल्या उंचीच्या आणि रुंदीच्या प्रश्नांची अदलाबदल केली आणि चहा घेत बसले. सावंत आला, चिठ्ठी काढली, टकटक टकटक. जिना आला नऊशे मिलिमीटर उंच आणि तीन मीटर रुंद. माणसाच्या कमरेइतका चढायचा, पण अख्खी वरात एका ओळीत चढली असती. साहेबांनी त्याची मोठी प्रिंट काढून भिंतीवर लावली आणि लाल पेन्सिलीनं खाली लिहिलं, 'नवरा, नवरी आणि घोडा एकाच वेळी'.

आम्ही हसलो. मी तर खुर्चीतून पडायचा बाकी होतो. पण साहेब तिथं थांबले नाहीत. पुढचे चार महिने ऑफिसात कुणीही गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "सावंत, आपला जिना या साहेबांना समजावून सांगता का?" आणि सावंत उठून सांगायचा. ही उंची, ही रुंदी. एकदा गिऱ्हाइकाबरोबर त्याची लहान मुलगी आली होती, तिलाही सांगितला.

आता डाबरेबाई.

जेनेट डाबरे गास गावची, पस्तिशीची, हात आखूड आणि जीभ त्याहून आखूड. कामात पक्की. अकरा महिन्यांच्या करारावर होती, आणि असे दोन करार होऊन गेले होते. नवरा बोटीवर होता, तो पाठ मोडून घरी आला आणि अंथरुणालाच लागला. घरात पगार तिचा एकटीचा. कायम होणं म्हणजे तिच्यासाठी काय होतं हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनाही. तिच्या पडद्यावर कमांड म्हणायची, "बाई, वाल सोलायला घ्या."

एके दिवशी बिपिनभाई केबिनबाहेर आले. "नवीन माणूस येतो, तीन महिने तुमचे प्रश्न पाठ करतो, आणि पाठ झाले की पळून जातो. चुरीभाई, मला पडद्यावर डबा पायजे. बँकेच्या फॉर्मसारखा. उंची इथे, रुंदी तिथे, खाली ओके. कोणी पण बसेल, कोणी पण भरेल."

"बिपिनभाई," साहेब म्हणाले, "डबा जेवणाचा असतो."

"मी करते," डाबरेबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी मान वळवली. बिपिनभाई खूश. "कर. चालला तर तुला कायम करतो. नाही चालला तर तुझा करार संपतोच आहे, दोघं मोकळे."

तीन आठवडे ती जेवणाच्या सुट्टीत पोळीचा तुकडा एका हातात धरून शिकली. डबा दिसायला कसा असावा हे एका फाइलीत लिहायचं, कमांड दुसऱ्या फाइलीत. दोन्ही वेगवेगळं सोपं आहे. खरा घाम त्यांना एकमेकांशी जोडताना फुटतो. कोणता रकाना कोणत्या प्रश्नाला, ओके दाबलं की काय, रद्द दाबलं की काय. आणि ते जोडताना तिला साहेबांचं स्क्रिप्ट पहिल्यांदाच ओळीनं वाचावं लागलं. एका दुपारी तिनं मान वर केली.

"सर, तो 'के' विचारलाय, पण पुढे कुठे वापरलेलाच नाही."

सगळ्यांचे हात कीबोर्डवर थांबले.

"म्हणजे?" सावंत म्हणाला.

"म्हणजे त्याचं काहीच होत नाही. नुसतंच विचारतात."

सावंत हसला. चार महिन्यांचं साठलेलं हसला. डोळे पुसले, पुन्हा हसला. मीही हसलो. आठ वर्षं आम्ही त्या 'के'ला घाबरून एक टाकत होतो! साहेबही हसले, पण दात न दाखवता. "बारीक नजर आहे हो आपली, डाबरेबाई," म्हणाले. मला वाटलं, मेली ही.

डबा तयार झाल्यावर ती स्वतःच त्यांच्याकडे प्रिंट घेऊन गेली. तिचा स्वभावच तसा, सरळ. "सर, एकदा नजर टाकाल?"

माझं टेबल समोरच. साहेबांनी लाल पेन्सिल काढली आणि पानं वाचू लागले. पहिलं, दुसरं. तिसऱ्या पानावर पेन्सिल थांबली. एका ओळीशेजारी त्यांनी बारीकसा ठिपका दिला. मग त्या ठिपक्याकडे बघत राहिले. मग ड्रॉवर उघडून खोडरबर काढलं, ठिपका खोडला आणि पानावर हळूच फुंकर मारली.

"उत्तम," ते म्हणाले. "बाई, आता यातलं एक अक्षर हलवू नका."

आठ वर्षांत कुणाचं असं कौतुक त्यांनी केलं नव्हतं. डाबरेबाईंचा चेहरा फुलला. दुसऱ्या दिवशी तिनं घरी केलेला केक आणला. साहेबांनी दोन तुकडे खाल्ले आणि बेदाणे जरा जास्त झाले असं सांगितलं.

चहाच्या टपरीवर मी त्यांना गाठलं. "कसला ठिपका होता तो?"

ते इतके आनंदात होते की त्यांना सांगितल्यावाचून राहवेना. "अरे, डबा उघडा असतो तोवरच त्यातले आकडे वाचता येतात. ओके दाबलं की डबा मिटतो. मिटल्यावर तो रिकामा. बाईंनी वाचायची ओळ मिटायच्या ओळीच्या खाली लिहिलीय. म्हणजे आधी झाकण लावणार, मग आत काय होतं ते बघणार."

"मग कमांडला आकडे मिळणारच नाहीत?"

"तिचे नाही मिळणार. नाही मिळाले की माझी कमांड नेहमीचे ठरलेले आकडे घेते. तीन हजार उंची, नऊशे रुंदी. आणि बाईंनी डब्यात आधीपासून भरून काय ठेवलंय? तीन हजार, नऊशे. चाचणी कशावर घेतात? तीन हजार, नऊशे." त्यांनी कटिंगचा शेवटचा घोट घेतला. "सगळं जुळतं. दरवेळी जुळतं."

"तिला सांगायला हवं."

"सांग की. तुला कोणी धरलंय?"

मी सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू? मला पुढचा अंक बघायचा होता.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी डबा उघडला. तेरा रकाने, प्रत्येकावर मराठीत नाव, आधीच भरलेले आकडे. बिपिनभाईंनी स्वतः माऊस धरला आणि ओके दाबलं. जिना उभा. टाळ्या. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या साहेबांनी वाजवल्या. आणि मग अगदी सहज म्हणाले, "बिपिनभाई, आता ड्रॉइंग तपासून सही करायला मी कशाला? डब्याला कुठे चूक होते?" बिपिनभाईंना ते फार पटलं. सही बंद झाली. डाबरेबाईंचं कायमचं पत्र महिनाअखेरीला द्यायचं ठरलं.

पहिलंच काम कामणच्या पुढच्या एका गोदामाचं आलं. माळ्यापर्यंतची उंची तीन हजार सातशे पन्नास. बाईंनी रकान्यात तीन हजार सातशे पन्नास लिहिलं, ओके दाबलं, ड्रॉइंग पाठवलं. ड्रॉइंगवर उंची छापली होती तीन हजार. ती कुणी वाचली नाही. डब्यात आपल्या हातानं भरलेला आकडा कागदावर पुन्हा कोण वाचतो? साहेबांनी वाचली असणार. ते त्या आठवड्यात फार गोड वागत होते. मला एकदा सोनचाफ्याचा वासही घेऊ दिला.

सोळाव्या दिवशी कामणच्या फोरमनचा फोटो आला. जिना झकास झाला होता. रंग चोख, कठडा सरळ, एक बोल्ट सैल नाही. फक्त माळ्याच्या अडीच फूट खालीच संपला होता. फोरमन शेवटच्या पायरीवर उभा राहून दोन्ही कोपरं माळ्यावर टेकवून कॅमेऱ्याकडे बघत होता, दुकानाच्या काउंटरवर उभं राहावं तसा.

बिपिनभाईंनी सगळ्यांना डाबरेबाईंच्या टेबलाभोवती उभं केलं. "दाखव."

तिनं डबा उघडला. तीन हजार सातशे पन्नास लिहिलं, सगळ्यांना दाखवलं, ओके दाबलं. जिना आला. मोजला. तीन हजार. पुन्हा केलं. तीन हजार.

"मी बरोबर भरते आहे, सर," ती म्हणाली. "सगळ्यांनी बघितलं ना? बरोबरच भरते आहे."

बिपिनभाई म्हणाले, "डबा काढून टाका. जुन्यावर चला. जेनेट, करार संपेपर्यंत ये, मग..." पुढचं वाक्य त्यांनी हातानं पूर्ण केलं.

ती रडली नाही. तिनं पर्समधून रुमाल काढला आणि कीबोर्ड पुसायला लागली. साहेब खिडकीशी उभे होते. जिंकले होते. त्यांनी फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं. आणखी दोन मिनिटं!

तेवढ्यात सावंत बोलला. माझ्याशीच बोलल्यासारखं, पण गाळाभर ऐकू जाईल असं. "डब्यात तर आकडा बरोबर दिसतोय बाबा. कमांडलाच ऐकू येत नसेल. वय झालं तिचं. बहिरी झाली."

बिपिनभाई वळले. "खरंच की. डबा बरोबर सांगतो, कमांड ऐकत नाही. चुरीभाई, तुमची कमांड खराब झाली काय? ती पण बदलून टाकू मग."

साहेबांचा गोरा रंग मानेपासून वर चढत गेला. मी तो चढताना बघितला. "माझी कमांड?" ते म्हणाले. "माझी?" ढांगा टाकत आले, बाईंना खांद्यानं बाजूला सारून खुर्चीत बसले. तिची फाइल उघडली, तिसऱ्या पानावर गेले, एक ओळ उचलली आणि चार ओळी वर ठेवली. तीन हजार सातशे पन्नास. ओके. जिना. "मोजा!"

मी मोजला. तीन हजार सातशे पन्नास.

"एक ओळ! झाकण लावून मग आत बघते! आणि माझ्या कमांडला बहिरी म्हणता? पहिल्या दिवशी, पहिल्याच वाचनात दिसलं होतं मला हे!"

एवढं बोलून ते थांबले. थांबायला उशीर झाला होता.

"पहिल्या दिवशी?" बिपिनभाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं. "म्हणजे लोखंड कापायच्या आधी?"

साहेबांनी खिशातली लाल पेन्सिल चाचपली. सावंत छताकडे बघत होता, एखाद्या संतासारखा.

"डबा चालू झाला ना, जेनेट?"

"हो सर."

"मग तू कायम. चुरीभाई, पहिल्या तारखेपासून तुम्ही तुमची वाडी सांभाळा."

पहिल्या तारखेला अजून बारा दिवस होते, आणि बिपिनभाईंनी ते बाराही दिवस साहेबांकडून काम करून घेतलं. डब्यावर. कुणाला वाटेल डाबरेबाई भली बाई, माफ केलं असेल. छे! साहेबांनी कमांडमध्ये लिहिलेल्या शिव्या तिनं काढल्या नव्हत्या, फक्त त्यांचे शब्द आणि पत्ते बदलले होते. साहेबांच्या पडद्यावर दर जिन्याला एक वाक्य यायचं. "साहेब, रकाना भरता येतो ना आपल्याला?" त्याखाली एकच बटण, 'होय'. ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नसे. बारा दिवस साहेबांनी 'होय' दाबलं. शेवटच्या दिवशी समारंभ झाला नाही. ते लाल पेन्सिल टेबलावर ठेवून गेले, ती सावंतानं घेतली.

पुढे काही कागदांवर त्यांची सही हवी होती म्हणून मी आगाशीला गेलो. साहेब केळीत होते, बनियन, गुडघ्यापर्यंत चिखल. सही केली, आणि पेन परत देताना विचारलं, "चालतोय?"

"झकास," मी म्हटलं. मला मजा येत होती. "नवीन पोरं 'जिना' कमांडचं नावसुद्धा घेत नाहीत. सगळे त्याला डाबरेबाईंचा डबा म्हणतात."

त्यांनी मान हलवली, बराच वेळ. मग म्हणाले, "तिला सांग, त्यात आणखी एक जागा आहे. विशिष्ट आकडे एकत्र आले की जिना चुकतो. उद्या येतील, नाहीतर ती रिटायर व्हायच्या दिवशी येतील."

"कुठे आहे ती जागा?"

"तिची नजर बारीक आहे."

मी सोमवारी ऑफिसात पोचल्या पोचल्या बाईंना सांगितलं. ती हसली. दुपारी तिनं स्क्रिप्टची प्रिंट काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली. आठवडाभरानं ती डब्यातून आलेला प्रत्येक जिना कॅल्क्युलेटर घेऊन हातानं मोजायला लागली, पायरी न् पायरी. मग रविवारीही यायला लागली. सावंत म्हणाला, थाप असेल म्हाताऱ्याची. "असेल," ती म्हणाली, आणि पुढचा जिना मोजायला घेतला. दोन महिन्यांनी तिनं माझ्यापुढे अक्षरशः हात जोडले. "तुमचं ऐकतील ते. जाऊन विचारा ना. आहे की नाही, एवढंच सांगा म्हणावं."

मी गेलो. साहेब विहिरीजवळ पाणी लावत होते. माझी स्कूटर त्यांनी लांबूनच ओळखली असणार, कारण मी फाटकाशी पोचेपर्यंत ते नारळाला टेकून उभे होते.

"तिनं पाठवलं?"

"हो. आहे की नाही, एवढंच विचारलंय."

ते नारळापासून एक पाऊल पुढे आले. "शोधतेय अजून?"

"रोज."

"कशी दिसते? म्हणजे शोधताना?"

मी सांगायला लागलो. डोळ्यांखाली काळं कसं आलंय, ओठ न हलवता आकडे कसे मोजते, ओके दाबायच्या आधी बोट कसं हवेत अडकून राहतं. हात कसे जोडले ते करूनही दाखवलं. साहेबांनी हात वर करून मला थांबवलं, आत गेले आणि पंप बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. परत येऊन विहिरीच्या काठावर बसले, ओले पाय एकमेकांवर घासले आणि मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "सावकाश."